कल्चर स्वच्छ आलं, तरी जळजळ थांबत नाही: पत्नीला न सांगता औषध घेऊ का?

पत्राचा सारांश: पत्रलेखकाचं वय ३२, लग्नाला चार वर्षं झाली आहेत. पाच आठवड्यांपूर्वी कामानिमित्त बाहेरगावी असताना एका ओळखीच्या स्त्रीशी त्यांचा एकदा शरीरसंबंध आला. कंडोम वापरला, पण अगदी सुरुवातीपासून नाही; तरी कंडोम होता म्हणून शंका घ्यायला नको, असं ते लिहितात. दोन आठवड्यांनी लघवीच्या वेळी टोकाशी जळजळ सुरू झाली आणि सकाळी उठल्यावर मूत्रछिद्राशी पांढुरका, चिकट थेंब दिसू लागला. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या तीन दिवस घेतल्या, बरं वाटलं, आणि आठवड्याच्या आत त्रास परत आला. लघवीच्या तपासणीत पस सेल्स १२ ते १५ निघाल्या, कल्चरमध्ये ‘जंतूंची वाढ नाही’ असा शेरा आला. मित्र म्हणाला, ‘उष्णता आहे, पाणी पी.’ आता ते दिवसातून चार-पाच वेळा लिंग दाबून थेंब येतो का ते पाहतात आणि जंतुनाशक द्रावणाने धुतात. पत्नीला काहीही त्रास नाही. मूल हवं म्हणून दोघांनी दोन महिन्यांपूर्वी गर्भनिरोधक थांबवलं आहे आणि संबंध चालू आहेत. त्यांचे प्रश्न असे: कल्चर स्वच्छ आहे म्हणजे संसर्ग नाही असं समजू का? असलाच, तर गुपचूप कोर्स घेऊन आणि पत्नीला ‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणून तेच औषध देऊन यातून सुटता येईल का? आणि मूल होण्यावर याचा परिणाम होईल का?

तुमच्या रिपोर्टमध्ये दोन ओळी आहेत आणि तुम्ही खालचीच धरून बसला आहात. वरची ओळ सांगते की लघवीत पू आहे. पस सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशी, आणि त्या कारणाशिवाय इतक्या संख्येने लघवीत उतरत नाहीत. खालची ओळ एवढंच सांगते की प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या बशीत काही उगवलं नाही. पू आहे पण कल्चरमध्ये काही नाही, ही जोडी डॉक्टरांच्या नजरेला लगेच खटकते. लैंगिक संबंध असलेल्या तरुण पुरुषात ती दिसली की पहिला संशय मूत्रमार्गदाहाचा, म्हणजे लघवीच्या नळीच्या आतल्या अस्तराला आलेल्या सुजेचा असतो.

कल्चरला काही का सापडलं नाही, याची दोन कारणं आहेत. पहिलं जंतूंच्या स्वभावात आहे. लघवीचं साधं कल्चर मूत्राशयात वाढणाऱ्या जंतूंसाठी असतं, मुख्यतः आतड्यातून येणाऱ्या ई. कोलायसारख्या. शरीरसंबंधातून येऊन मूत्रमार्गदाह करणारे जंतू वेगळे असतात. क्लॅमिडिया हा जिवंत पेशीच्या आत शिरूनच वाढतो, त्याला त्या बशीत काहीच मिळत नाही. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम इतका नाजूक आणि संथ आहे की खास प्रयोगशाळांनाही तो वाढवायला झगडावं लागतं. गोनोरियाच्या जंतूलाही वेगळं खाद्य आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा लागते.

दुसरं कारण नमुन्यात आहे. पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांब असतो आणि दाह त्या नळीत आहे. मूत्राशयातली लघवी बाहेर पडताना पहिला भाग नळी धुऊन नेतो. जंतू आणि पू त्या पहिल्या भागात असतात. कल्चरसाठी मात्र तुम्हाला सांगितलं गेलं असणार की आधी जागा स्वच्छ करा, सुरुवातीची धार सोडून द्या आणि मधली बाटलीत घ्या. मूत्राशयाच्या संसर्गासाठी हे अगदी बरोबर आहे. तुमच्या बाबतीत मात्र जे शोधायचं होतं नेमकं तेच आधी वाहून गेलं.

म्हणून तपासणी पुन्हा करायची, पण वेगळी. जंतूच्या जनुकांचा अंश शोधणारी तपासणी असते, पीसीआरच्या जातीची. तिला नॅट म्हणतात. गोनोरिया, क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम आणि ट्रायकोमोनास या चारही नावांचा उल्लेख करून ती मागा, कारण काही ठिकाणी फक्त पहिली दोनच पाहतात. नमुना देण्याआधी किमान एक तास, जमल्यास दोन तास लघवी करू नका. टोक धुऊ नका, पुसू नका. धार सुरू होतानाच बाटली पुढे धरा, पहिली २० ते ३० मिलिलिटर लघवी घ्या आणि बाटली बाजूला करा. याहून जास्त भरली तर नमुना पातळ होतो आणि जंतू निसटू शकतो. डॉक्टरांना कल्चरही हवं असेल तर त्याच वेळी दुसऱ्या बाटलीत मधली धार घ्या. क्रम मात्र हाच.

दाह आहे की नाही हे त्याच भेटीत कळू शकतं. डॉक्टर थेंबाचा नमुना काचपट्टीवर घेऊन रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तेलाच्या, म्हणजे सर्वांत मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली एका क्षेत्रात दोन किंवा जास्त पांढऱ्या पेशी दिसल्या तर मूत्रमार्गदाह नक्की. गोनोरियाचे जोडीजोडीने बसलेले जंतू पेशींच्या आत दिसले तर त्याचं नावही तिथेच कळतं. या भेटीला सकाळची लघवी न करता गेलात तर उत्तम. त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ किंवा यूरॉलॉजिस्ट, दोघांपैकी कुणीही चालेल. तुम्ही तीन दिवस घेतलेल्या गोळ्यांचं पाकीट सापडलं तर सोबत न्या आणि नाव लपवू नका. अर्धवट औषधामुळे स्राव कमी होतो आणि काचपट्टीवरचं चित्र फसवं दिसू शकतं.

आता ‘उष्णता’. उन्हाळी लागते, हे खरं आहे. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते आणि झोंबते. पण भरपूर पाणी प्यायल्यावर ते एक-दोन दिवसांत थांबतं. तीन आठवडे टिकत नाही आणि पू तर कधीच तयार करत नाही. सकाळच्या थेंबाला उष्णता हे उत्तर नाही.

संसर्गाशिवायही मूत्रमार्गाला दाह होतो, आणि तुम्ही सध्या त्यात स्वतःच्या हाताने भर घालत आहात, म्हणून हे नीट वाचा. कॅथेटर किंवा दुर्बीण घातल्यानंतर, खडा सरकून गेल्यावर, शुक्राणुनाशक जेलीमुळे, तीव्र साबण किंवा जंतुनाशकामुळे नळीचं अस्तर चिडतं. आणि वारंवार दाबून, पिळून पाहिल्यानेही चिडतं. निरोगी नळीसुद्धा जोरात दाबली तर ओलसर थेंब देते. तो थेंब पाहून माणूस घाबरतो, पुन्हा दाबतो, दाह वाढतो, थेंब वाढतो. कित्येक जणांचा त्रास योग्य औषधानंतरही याच कारणाने लांबतो. आजपासून दाबणं बंद करा. जंतुनाशक द्रावणही बंद. साधं पाणी पुरेसं आहे, जंतू आतल्या अस्तरात आहेत आणि बाहेरून धुऊन ते जाणार नाहीत.

कंडोम होता म्हणून शंका घ्यायला नको, असं तुम्ही लिहिलं आहे. सुरुवातीचा काही वेळ तो नव्हता, आणि संसर्गाला तेवढा वेळ पुरतो. तोंडाने केलेल्या संबंधातूनही गोनोरिया, हर्पीस आणि अॅडिनोव्हायरस मूत्रमार्गात येऊ शकतात, हेही इथे नोंदवून ठेवतो, कारण बहुतेकांच्या हिशेबात ते नसतं. संडासाच्या बैठकीवरून किंवा टॉवेलवरून हे आलं असेल का, असा प्रश्न बऱ्याच पत्रांत असतो. मोठ्या माणसांत मूत्रमार्गदाह करणारे हे जंतू त्या वाटेने येत नाहीत, असं धरूनच चाला.

कोणता जंतू असेल, याचा अंदाज दिवसांवरून थोडाफार बांधता येतो. गोनोरिया, ज्याला जुनी माणसं परमा म्हणतात आणि ज्याचा जंतू आल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये शोधला, तो बहुधा दोन ते पाच दिवसांत तोंड दाखवतो. पू दाट, पिवळसर, भरपूर; जळजळ इतकी की लघवीला जायची भीती वाटावी. क्लॅमिडिया एक ते तीन आठवडे घेतो, स्राव पातळ किंवा पांढुरका, जळजळ मध्यम, आणि निम्म्याहून जास्त पुरुषांत तर काहीच नाही. तुमचे चौदा दिवस आणि पांढुरका थेंब क्लॅमिडिया किंवा मायकोप्लाझ्माकडे बोट दाखवतात. पण हा अंदाजच. गोनोरियाही कधी सौम्य असतो आणि दोन जंतू एकत्र असणं मुळीच दुर्मीळ नाही. टोकाशी फोड, असह्य झोंबणं आणि जांघेत गाठी असतील तर हर्पीसचा विचार होतो; डोळे लाल आणि मूत्रछिद्राची कड सुजलेली असेल तर अॅडिनोव्हायरसचा. सगळ्या तपासण्या करूनही बऱ्याच रुग्णांत जंतूचं नाव सापडत नाही. दाह दिसत असेल तर तेव्हाही उपचार करायचा असतो.

औषधांविषयी लिहितो ते तुम्ही दुकानातून स्वतः घ्यावीत म्हणून नाही. हातात आलेली चिठ्ठी तुम्हाला समजावी आणि कोर्स मध्येच सुटू नये, एवढ्यासाठी. गोनोरिया नसलेल्या दाहाला सध्या पहिली पसंती डॉक्सिसायक्लिन, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. गोनोरिया असेल तर सेफ्ट्रायअॅक्सोनचं स्नायूत एक इंजेक्शन, बहुधा ५०० मिलिग्रॅम, आणि क्लॅमिडियाची शक्यता नाकारली नसेल तर सोबत डॉक्सिसायक्लिन. मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम सापडला तर सात दिवस डॉक्सिसायक्लिन आणि त्यानंतर सात दिवस मॉक्सिफ्लॉक्सासिन. हा जंतू १९८१ मध्येच वैद्यकाला ठाऊक झाला. त्याला पेशीभित्तिका नाही, त्यामुळे पेनिसिलिनच्या आणि सेफॅलोस्पोरिनच्या कुळातली औषधं त्याच्यावर चालतच नाहीत. अॅझिथ्रोमायसिनची एकच मोठी गोळी सोपी वाटते, म्हणून अनेक जण तीच मागतात. तिच्या सरसकट वापरामुळे हा जंतू तिला सरावला आहे. सात दिवसांचा कोर्स कंटाळवाणा असला तरी डॉक्टर तो देत असतील तर तोच घ्या.

तुमच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी काय झालं, तेही इथे कळेल. क्लॅमिडिया पेशीत शिरतो, वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो आणि पुढच्या पेशीत जातो. या एका फेऱ्याला दोन ते तीन दिवस लागतात. औषध वाढत्या जंतूला अडवतं, निवांत पडलेल्याला नाही, म्हणून अनेक फेऱ्या पार होईपर्यंत ते रक्तात सतत राहावं लागतं. तीन दिवसांत सूज ओसरली, जळजळ कमी झाली आणि तुम्हाला वाटलं सुटलो. ते औषध या जंतूवर चालणारं तरी होतं का, हा प्रश्न वेगळाच.

डॉक्सिसायक्लिन घेताना लोक हमखास चुकतात. गोळी पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर, उभं किंवा बसून घ्या आणि पुढे निदान अर्धा तास आडवे होऊ नका. रात्री झोपताना घोटभर पाण्याने गिळली तर ती अन्ननलिकेत अडकते आणि तिथे जखम करते. दूध, अँटासिड, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या यांच्यापासून दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. उन्हात फार वेळ राहू नका, त्वचा लवकर भाजते. जळजळ दोन-तीन दिवसांत कमी व्हायला लागेल. त्या दिवशी कोर्स संपत नाही.

आता पत्राचा खरा गाभा.

पत्नीला त्रास नाही म्हणून तिला काही झालेलं नाही, हे तुमचं गृहीतक आहे. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही. जंतू गर्भाशयाच्या मुखाशी राहतो, तिथून शांतपणे वर गर्भनलिकांकडे जाऊ शकतो. नलिका आतून सुजल्या आणि त्यांवर व्रण पडले तर पुढे गर्भ राहणं अवघड होतं, किंवा तो गर्भाशयाऐवजी नलिकेतच राहतो. नलिकेतला गर्भ फुटला तर जिवावर बेततं. सगळ्याच स्त्रियांना असं होत नाही आणि लवकर उपचार केला तर धोका खूप कमी होतो. पण प्रत्येक नव्या संसर्गाने तो वाढतो. तुम्ही दोघं मूल व्हावं म्हणून प्रयत्न करत आहात. मूल होण्याची भीती तुम्ही स्वतःविषयी विचारली आहे. जास्त जोखीम तिच्या बाजूला आहे आणि तिला ती ठाऊकही नाही.

‘ताकदीच्या गोळ्या’ म्हणून औषध देण्याचा विचार भीतीतून आला आहे, हे समजतं. तरीही तो करू नका. तुमच्या पत्नीला या क्षणी दिवस गेलेले असू शकतात आणि गरोदरपणात डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, मॉक्सिफ्लॉक्सासिनही नाही. तिच्यासाठी आधी गर्भचाचणी, मग औषधाची निवड. गरोदर असेल तर क्लॅमिडियासाठी सहसा अॅझिथ्रोमायसिन देतात. तिला कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे हे डॉक्टरांनी तिलाच विचारायला हवं. तिला उलट्या झाल्या, अंगावर पुरळ उठलं, तर ती कोणत्या गोळीमुळे हे सांगू शकणार नाही. तिने तीन गोळ्या घेऊन ‘ताकद आली’ म्हणून सोडल्या तर तुम्ही बरे होऊन पुन्हा तिच्याकडूनच संसर्ग घ्याल. शिवाय तिची स्वतःची तपासणी राहून जाईल: योनीतून तिने स्वतःच घेतलेला स्वॅब नॅटसाठी उत्तम चालतो, आणि सोबत एचआयव्ही व सिफिलिससाठी रक्त. या साऱ्याच्या आधी एक साधी गोष्ट आहे. तिच्या शरीरात काय जातंय हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे, आणि तो काढून घेणं ही पहिल्यापेक्षा वेगळी, दुसरी फसवणूक होईल. पहिली कदाचित ती कधीतरी समजून घेईल. ही दुसरी समजून घेणं तिला जास्त जड जाईल, असं मला वाटतं.

गुपचूप उपचार प्रत्यक्षातही जमत नाही. कोर्स संपेपर्यंत, त्रास पूर्ण थांबेपर्यंत आणि जोडीदाराचाही उपचार पुरा होईपर्यंत संबंध ठेवायचे नसतात. एकाच डोसचा उपचार असेल तर त्यानंतर सात दिवस. मूल हवं म्हणून दिवस मोजणाऱ्या जोडप्यात हे दोन आठवडे कोणत्या सबबीवर जातील? आजपासून संबंध थांबवायचे आहेत, म्हणजे कारणही आजपासूनच द्यावं लागेल.

मग सांगायचं कधी? घाबरलेल्या रात्री, कोणतीही माहिती हातात नसताना सांगितलं तर तिच्या पदरात फक्त धक्का पडतो. म्हणून आधी डॉक्टर, एक-दोन दिवसांत. काचपट्टीवर दाह दिसला की जंतूच्या नावाची वाट न पाहता सांगा, कारण तिची तपासणी आणि उपचार नाव कळण्याआधीही सुरू होऊ शकतात. हे त्याच आठवड्यात व्हायला हवं, पुढच्या महिन्यात नाही. घरात दुसरं कुणी नसेल, तिला लगेच कुठे जायचं नसेल, अशी वेळ निवडा. शब्द साधे असू देत: ‘मला एक अवघड गोष्ट सांगायची आहे. पाच आठवड्यांपूर्वी बाहेरगावी माझा एका बाईशी संबंध आला. त्यातून मला मूत्रमार्गाचा संसर्ग झालाय आणि त्रास नसला तरी तो तुलाही झालेला असू शकतो. तुझी तपासणी लवकर व्हायला हवी. माझ्याबरोबर यायचं, एकटीने जायचं की दुसऱ्याच डॉक्टरांकडे जायचं, ते तू ठरव.’ एवढं बोलून थांबा. ‘साधं लघवीचं इन्फेक्शन आहे’ म्हणू नका. डॉक्टरांच्या पहिल्याच प्रश्नाला ते उघडं पडेल. संसारातल्या जुन्या तक्रारी त्या दिवशी काढू नका. माफी जरूर मागा, पण ती तिथल्या तिथे मिळावी असा आग्रह धरू नका. ती रडेल, गप्प बसेल, माहेरी जाईन म्हणेल. त्यातलं काहीही झालं तरी तपासणीची तारीख टळू नये, एवढं पाहा. एकट्याने बोलणं अशक्य वाटत असेल तर डॉक्टरांच्या खोलीत, त्यांच्या मदतीने सांगता येतं. तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टरांनी ही माहिती कुणाला देणं अपेक्षित नसतं, तुमच्या पत्नीलाही नाही. म्हणून ते सांगून टाकतील या आशेवर राहू नका.

संसार मोडेल का, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि असल्याचा आव आणणार नाही. एवढं मात्र नक्की की हे कळण्याच्या अनेक वाटा आहेत: तिची स्वतःची तपासणी, गरोदरपणातल्या चाचण्या, तुमचा परतलेला त्रास. त्यापैकी सर्वांत कमी इजा करणारी वाट तुमच्या तोंडून, वेळेत आणि सगळं एकदाच, ही आहे. तुकड्यातुकड्याने बाहेर येणारं सत्य दर वेळी नव्याने विश्वास तोडतं.

त्या दुसऱ्या स्त्रीलाही कळवा. त्रास सुरू होण्याआधीच्या ६० दिवसांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सर्वांना कळवायचं, असा नियम साधारणपणे पाळतात. दोन ओळींचा निरोप पुरे: मला मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला आहे, तुला त्रास नसला तरी तपासून घे. ‘तुझ्याकडून आला’ असं लिहू नका. कुणाकडून कुणाकडे गेला हे रिपोर्टवरून ठरत नाही.

हेच वाक्य आणखी एका प्रकारच्या वाचकांसाठी आहे. ज्यांनी लग्नाबाहेर कधीच संबंध ठेवलेले नाहीत आणि तरी ज्यांचा क्लॅमिडियाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, ते थेट जोडीदारावर संशय घेतात. या जंतूच्या रिपोर्टवर तारीख नसते. क्लॅमिडिया काहीही त्रास न देता महिनोन्महिने, कधी वर्षाहूनही जास्त शरीरात राहू शकतो. नात्याच्या आधीचा असू शकतो, दोघांपैकी कुणाचाही. आधी दोघांचा उपचार करा. रिपोर्टला साक्षीदार बनवू नका.

तुमच्या स्वतःच्या जोखमी आता थोडक्यात. उपचार लांबला तर संसर्ग नळीतून मागे सरकून अंडकोषातल्या अधिवृषणापर्यंत, म्हणजे वृषणामागच्या शुक्राणू साठवणाऱ्या नळीपर्यंत जातो: एका बाजूला दुखणं, सूज, कधी ताप. ३५ वर्षांखालच्या पुरुषांत या सुजेचं नेहमीचं कारण क्लॅमिडिया किंवा गोनोरिया हेच असतं. पण अंडकोषात अचानक, तीव्र कळ उठली, मळमळ आली, तर तो संसर्ग आहे असं समजून घरी थांबू नका. वृषणाला पीळ बसलेला असू शकतो आणि तो वाचवायला साधारण सहा तास हातात असतात; थेट अपघात विभागात जा. काही जणांना संसर्गानंतर एक ते चार आठवड्यांत गुडघे-घोटे सुजतात, डोळे लाल होतात. ही शरीराची उलटी प्रतिक्रिया असते आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनाही तेव्हा मूत्रमार्गाची हकीकत सांगावी लागते. पुन्हा पुन्हा झालेला किंवा तसाच सोडलेला गोनोरिया नळीत व्रण ठेवतो, वर्षांनंतर धार बारीक होते. लघवी पूर्ण अडली, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. वेळेत पूर्ण उपचार झाला तर पुरुषाच्या प्रजननक्षमतेवर सहसा कायमचा परिणाम राहत नाही.

मूत्रमार्ग सुजलेला असताना एचआयव्ही शिरणं आणि पसरणं दोन्ही सोपं होतं, म्हणून रक्ताची तपासणी टाळू नका. पहिल्याच भेटीत एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही करून घ्या. तुमचे ३५ दिवस झाले आहेत; एचआयव्हीची प्रयोगशाळेतली अँटिजेन-अँटिबॉडी तपासणी ४५ दिवसांनंतर निर्णायक मानतात, म्हणून ती दहा-बारा दिवसांनी पुन्हा. सिफिलिसची तीन महिन्यांनी पुन्हा. हिपॅटायटिस बीची लस घेतलेली नसेल तर विचारा. असा प्रसंग ज्या वाचकांच्या बाबतीत तीन दिवसांच्या आतला आहे त्यांच्यासाठी: एचआयव्ही रोखणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू करता येतं, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं.

कोर्स संपल्यावर थोडी टोचणी, थोडा जडपणा आणखी काही दिवस राहू शकतो. अस्तर भरून यायला वेळ लागतो. त्रास तसाच असेल किंवा थेंब परत आला तर डॉक्टरांना तीन गोष्टी सांगा: एखादा डोस चुकला का, मधल्या काळात संबंध आला का, पत्नीचा उपचार पुरा झाला का. उत्तरं नीट असतील तर मायकोप्लाझ्मा आणि ट्रायकोमोनास शोधायचे. तपासणीत पू नाही, जंतू नाही, आणि तरी ओटीपोटात किंवा टोकाशी दुखत राहिलं, तर ते बहुधा ओटीपोटाच्या तळाच्या आवळलेल्या स्नायूंचं दुखणं असतं. अशा वेळी दर पंधरवड्याला नवं अँटिबायोटिक सुरू करणाऱ्यांचं फार नुकसान होतं. त्यावर व्यायाम आणि सैलावण्याचे उपाय असतात, गोळ्या नव्हे.

औषध संपल्यावर लगेच नॅट करू नका. मेलेल्या जंतूंचे अंश तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह दाखवत राहतात. तुमची पत्नी गरोदर निघाली आणि तिला क्लॅमिडिया असला, तर तिची खात्रीची तपासणी साधारण चार आठवड्यांनी करतात. एरवी दोघांची फेरतपासणी तीन महिन्यांनी, कारण पुन्हा संसर्ग होण्याचं प्रमाण याच काळात मोठं असतं. मुलासाठीचे प्रयत्न दोघांचा उपचार पुरा झाल्यावर लगेच सुरू करता येतील का, असं तुम्ही विचाराल. जळजळ आणि थेंब थांबले, संबंध टाळायचा काळ संपला, तरी तुमची ४५ दिवसांनंतरची एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह येईपर्यंत कंडोम ठेवा. सिफिलिसच्या फेरतपासणीपर्यंत थांबायचं का, हे डॉक्टरांशी बोलून पत्नीला ठरवू द्या.